टँग पाळताय? त्यांच्या भांडणांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मरीन टँक म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी ठेवणाऱ्या कुणाशीही दहा मिनिटं बोललात की विषय टँग माशांवर येतो, आणि टँगवर आला की भांडणावर येतोच. "दुसरा टाकला तर चालेल का", "मारतोय, काय करू", "कालपर्यंत बरे होते". तेच तेच विचारलं जातं म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. मुंबईतल्या फ्लॅटमधल्या टाक्या डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, कारण अमेरिकेतले व्हिडिओ बघून आठ फुटी टाकीचं गणित आपल्या वन बीएचकेला लावण्यात अर्थ नाही.

प्र. टँग म्हणजे नक्की कुठले मासे?

सर्जनफिशचं कुळ. साधारण ८० च्या वर जाती आहेत, आणि शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो म्हणून सर्जन. दुकानात दिसतात त्यांचे ढोबळ गट असे: झेब्रासोमा म्हणजे यलो, पर्पल, स्कोपास, सेलफिन. अ‍ॅकँथुरस म्हणजे पावडर ब्लू, क्लाउन टँग, सोहल, अकिलीज, कन्विक्ट. टेनोकीटस म्हणजे कोले, टोमिनी, हे छोट्या ब्रशसारख्या दातांचे. मग नेसो. आणि ब्लू टँग हा पॅराकँथुरस, एकटाच आपल्या गटात, ज्याला क्रॉफर्ड मार्केटपासून कुर्ल्यापर्यंत सगळे 'फाइंडिंग नेमो' सिनेमातल्या माशावरून डोरीच म्हणतात. हे गट लक्षात ठेवा, खाली निम्मी उत्तरं यावरूनच निघतात.

प्र. समुद्रात तर थवेच्या थवे दिसतात, मग घरी येऊनच का भांडतात?

समुद्रातही भांडतात, फक्त तिथे भांडण लवकर संपतं.

मूळ कारण शेवाळ. क्लाउन टँग घ्या, हा लाटा फुटतात त्या उथळ रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवर राहतो, तिथल्या खडकावर शेवाळ भराभर वाढतं, आणि जो तुकडा याने धरला तो हा दिवसभर राखतो. पण कुणापासून राखतो ते बघण्यासारखं आहे, शेवाळ खाणाऱ्यांना पळवतो, वर पाण्यात तरंगणारं प्लँक्टन खाणाऱ्या माशांकडे फारसं लक्ष देत नाही. म्हणजे राग माशावर नाही, ताटात हात घालणाऱ्यावर आहे. आपल्या हिंदी महासागरातला पावडर ब्लूसुद्धा असाच, तो तर बऱ्याच ठिकाणी जोडीने इलाका धरतो. उलट कन्विक्ट टँग मोठ्या झुंडीने येतो आणि एखाद्याच्या राखलेल्या तुकड्यावर तुटून पडतो, मालक बिचारा एकाला पळवतो तोपर्यंत बाकीचे चरून घेतात. ब्लू टँगचं बरंचसं पोट प्लँक्टनवर भरतं त्यामुळे त्याला खडक राखायची एवढी गरज नाही, म्हणून तो त्यातल्या त्यात सरळ. हवाईतले यलो टँग दिवसा सैलसर घोळक्याने चरतात, समुद्री कासवांच्या पाठीवरचं शेवाळही खातात, आणि रात्री प्रत्येकजण आपापल्या कपारीत जाऊन झोपतो.

आता हे सगळं काचेच्या टाकीत आणा. आपली सहा फुटी टाकीसुद्धा एका टँगच्या इलाक्यापेक्षा लहान. समुद्रात हरलेला मासा थोडं लांब गेला की पाठलाग थांबतो, टाकीत थोडं लांब गेलं की काच येते. जिंकणाऱ्याच्या दृष्टीने समोरचा अजून गेलेला नाही, मग तो मारतच राहतो. टँगच्या भांडणाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, प्रश्न स्वभावाचा कमी आणि हरलेल्याला जायला जागा नसण्याचा जास्त असतो.

प्र. साधा पाठलाग कुठला आणि खरी मारामारी कुठली, कसं ओळखायचं?

पहिली पायरी दिखाव्याची. दोघं समोरासमोर न येता आडवे होतात, वरचे-खालचे पर ताणून उभे करतात, यलो टँग तर एकदम दीडपट मोठा वाटायला लागतो. रंग गडद होतो. काही सेकंद असंच, मग एकजण पर मिटून बाजूला होतो. झालं, विषय संपला. हे रोज दोन-चारदा झालं तरी हात घालू नका.

दुसरी पायरी म्हणजे शेपटी. मासा तोंडाने नाही, शेपटीने मारतो. समोरच्याच्या अंगाला समांतर येतो, शरीर वाकवतो आणि शेपूट झटक्यात फिरवतो. एरवी तो काटा खोबणीत मिटलेला असतो, झटक्याच्या वेळी बाहेर येतो. अंगावर सरळ रेघ मारल्यासारखा पांढरा ओरखडा दिसला की समजायचं काटा लागला. दोघं एकमेकांभोवती गोल गोल फिरत असतील, शेपटी-डोकं शेपटी-डोकं, तर तेव्हा टाकीजवळच बसा, फोन बाजूला ठेवा.

पण खरी खूण मारणाऱ्यात नसते, मार खाणाऱ्यात असते. तो खायला येतोय का? एवढंच बघा. मार खाऊनही नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची पट्टी) लावल्यावर पुढे येऊन तोडत असेल तर बहुतेक वेळा निभावतो. कोपऱ्यात वर, ओव्हरफ्लोच्या (पाणी बाहेर जायच्या कप्प्याच्या) मागे किंवा हीटरच्या आड डोकं खाली करून उभा राहिला, रंग फिका पडला, खाणं समोरून वाहत गेलं तरी हलला नाही, तर मात्र "सेटल होईल हळूहळू" म्हणत बसू नका.

प्र. चार फुटी टाकी आहे, किती टँग ठेवू?

एक.

आणि तोही नीट निवडून. कोले किंवा टोमिनी उत्तम, हे १५-१८ सेंटीमीटरच्या आसपास थांबतात. यलो टँग २० सेंटीमीटरपर्यंत जातो, चार फूट लांब, दोन फूट रुंद टाकीत त्याचं चालतं. ४ बाय २ बाय २ म्हणजे साडेचारशे लिटर, खडक-वाळू घातल्यावर पाणी त्याहून बरंच कमी राहतं हे विसरू नका. लोक लिटर मोजतात, टँगला लांबी लागते. हा दिवसभर पोहणारा मासा आहे, उंच सडपातळ शोकेस टाकीत कितीही लिटर असले तरी त्याला उपयोग नाही.

प्र. मग दोन-तीन ठेवायला किती मोठी लागेल?

सहा फूट लांबीपासून बोलायला सुरुवात करू. ६ बाय २ बाय २ मध्ये ६८० लिटर पाणी, म्हणजे काच, स्टँड, खडक धरून टनाच्या घरात वजन. जुन्या बिल्डिंगमध्ये, चाळीत किंवा वरच्या मजल्यावर असाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा, टँगचं नंतर बघू. टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता बीमच्या कडेला, भिंतीलगत ठेवतात ते यासाठीच. सेक्रेटरी काय म्हणेल हा वेगळाच विषय.

एवढ्या टाकीत वेगवेगळ्या गटातले दोन-तीन टँग, म्हणजे एक झेब्रासोमा, एक टेनोकीटस, आणि हवा असेल तर ब्लू टँग, असं जमतं. मात्र ब्लू टँग ३० सेंटीमीटरचा होतो, फूटभर मासा, त्याला सहा फूटही पुढे पुढे तोकडेच. सेलफिन आणि सोहल ४० पर्यंत, नेसो त्याहूनही मोठा. हे तिघं मुंबईतल्या घरातल्या टाकीत नकोतच असं माझं स्पष्ट मत आहे, दुकानात बोटाएवढा दिसला म्हणून भुलू नका.

प्र. यलो आहे, आता पर्पल टाकायचाय. रंग वेगळा आहे ना, मग?

हीच सगळ्यात कॉमन गफलत. रंग वेगळा, पण आकार बघा, तोच ताटलीसारखा गोल देह, तेच लांब तोंड, तेच मोठे पर, दोघं झेब्रासोमा. टँग साधारणपणे आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर, आपल्यासारखं खाणाऱ्यावर आधी जातो, त्यामुळे यलो आणि पर्पल, यलो आणि स्कोपास, पावडर ब्लू आणि अकिलीज या जोड्या म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, आणि इथे तलवारी खरोखरच्या आहेत. पर्पल तर झेब्रासोमांमध्येही तापट समजला जातो. दोघं हवेच असतील तर सहा फूट किंवा जास्त, दोघं लहान असताना, एकाच दिवशी, आणि शक्यतो यलो थोडा मोठा. तरीही गॅरंटी नाही.

याउलट यलो आणि कोले बहुतेक ठिकाणी नांदतात. कोले काचेवर आणि खडकावर बसलेला बारीक गाळ-शेवाळाचा थर ओठांनी खरवडतो, यलो लांब तोंडाने धागे ओढतो, दोघांचं ताट वेगळं. सकाळी लाइट लागायच्या आधी टॉर्चने काच बघा, कोलेच्या ओठांचे छोटे छोटे गोल ठसे उमटलेले दिसतील, ओळीने.

प्र. कुणाला आधी टाकायचं?

सगळ्यात गरीब तो पहिला, सगळ्यात दादा तो शेवटी. विरार फास्टमध्ये बोरिवलीला चढणाऱ्याला जे वाटतं तेच नवीन टँगला वाटतं, आतले सगळे आधीच पाय रोवून उभे. जो आधी आला त्याला अख्खी टाकी स्वतःची वाटते. म्हणून क्रम टोमिनी-कोले, मग ब्लू टँग, मग यलो, मग पर्पल, आणि पावडर ब्लू असेल तर अगदी शेवटी. सोहल असेल तर, वर म्हटलं तसं, नकोच.

साइजमध्येही फरक हवा. अगदी समसमान दोघं असले तर कुणीच माघार घेत नाही. नवीन मासा जुन्यापेक्षा ठळक मोठा किंवा ठळक लहान असेल तर निकाल पटकन लागतो.

प्र. टाकताना काही युक्त्या?

आहेत, आणि दोन-तीन एकदम वापरा, एकावर विसंबू नका.

बॉक्स ही सगळ्यात भरवशाची. भोकं पाडलेला अ‍ॅक्रिलिकचा डबा टाकीतच टांगायचा, नवीन मासा त्यात ठेवायचा. जुना येऊन पर फुलवेल, काचेवर शेपटी आपटेल, टक टक आवाज बाहेर ऐकू येतो. काही दिवसांत त्याचा इंटरेस्ट कमी होतो, डब्यासमोरून तो न थांबता जायला लागला की मग सोडायचं. डबा तयार घ्या किंवा अ‍ॅक्रिलिकचं काम करणाऱ्याकडून करून घ्या, नाहीतर फॉल्स सीलिंगच्या लाइटखाली चौकोनी भोकांची पांढरी प्लास्टिक जाळी लावतात ती कापून केबल टायने बांधली तरी चालतं.

आरसा. टाकीच्या एका टोकाला बाहेरून चिकटवायचा, जुना मासा त्या "दुसऱ्या" टँगशी भांडत बसतो आणि नवीन दुसऱ्या टोकाला जरा श्वास घेतो. काम करतो, पण कायम लावून ठेवू नका, मासा स्वतःशीच भांडून दमतो. काही टँग तर रात्री खोलीतला लाइट बंद केल्यावर काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशीच पंगा घेतात.

खडक हलवणं. नवीन मासा टाकायच्या आधी दोन-चार मोठे दगड इकडचे तिकडे केले की जुन्याच्या ओळखीच्या कपारी बदलतात, तोही थोडा नवखा होतो. कोरल चिकटवलेल्या टाकीत हे जमत नाही, त्यासाठी उगाच तोडफोड नको.

आणि लाइट बंद करून संध्याकाळी सोडा, म्हणजे दोघांनाही झोपायची जागा शोधायची घाई असते.

प्र. दुकानात एका छोट्या टाकीत दहा टँग एकत्र असतात, तिथे कसे नाही भांडत?

कारण तिथे कुणाचंच काही नाही. सगळे नुकतेच आलेले, प्रवासाने गळालेले, राखायला ना खडक ना शेवाळ, आणि एवढी गर्दी की एकाला पकडून मारत बसणं शक्य नाही. शिवाय त्यातले रोज विकले जातात. ते शांत आहेत असं नाही, ते थकलेत. घरी आणल्यावर पोटभर खाऊन आठवडाभरात खरा स्वभाव दिसतो.

प्र. एकाच जातीचे दोन चालतील का? तीन? की विषम संख्याच हवी?

दोन सगळ्यात वाईट, कारण सगळा मार एकालाच. जोडी लागेल या आशेवर दोन घेऊ नका, नर-मादी बाहेरून बघून ओळखता येत नाहीत. विषम संख्येत काही जादू नाही, मुद्दा मार वाटला जाण्याचा आहे. यलो टँगचा ग्रुप ठेवतात लोक, पण तीनपेक्षा जास्त, सगळे लहान, सगळे एका दिवशी, आणि टाकी सहा फुटांच्या वर. अ‍ॅकँथुरसवाल्यांनी, खास करून पावडर ब्लूच्या बाबतीत, हा नाद सोडावा. कन्विक्ट हा त्या गटातला अपवाद, त्याला मुळात झुंडीची सवय, पण त्यालाही पळायला जागा लागते.

प्र. डोरी आणि नेमो म्हणजे ब्लू टँग आणि क्लाउनफिश भांडतात का? मुलांना दोन्ही पाहिजेत.

भांडत नाहीत. क्लाउन आपला कोपरा धरून असतो आणि जवळ आलेल्या कुणालाही, अगदी तुमच्या हातालाही, चावायला येतो, ब्लू टँग दुर्लक्ष करतो. अडचण भांडणाची नाही, मापाची आहे. क्लाउनची जोडी दोन-अडीच फुटी टाकीत आयुष्य काढेल, ब्लू टँग नाही. "बेबी डोरी आहे, वाढेपर्यंत चालेल" हे वाक्य ज्याने विकलं त्याच्या टाकीत तो वाढणार नसतो. मुलांना समजावून सांगा, पिवळा कोरिस रास किंवा रॉयल ग्रामा तेवढाच गोड दिसतो.

प्र. खाण्याचा आणि भांडणाचा काय संबंध?

जवळजवळ सगळाच. पोट भरलेला टँग आळशी असतो. समुद्रात हे मासे दिवसभर थोडं थोडं चरतात, आपण रात्री ऑफिसमधून आल्यावर एकदा फ्रोझन खाणं टाकतो आणि म्हणतो भांडतात का. रोज नोरी लावा, सुशीला वापरतात तीच साधी भाजलेली, तेल-मीठ-मसाला नसलेली, पाकिटावर नीट वाचून घ्या कारण स्नॅकवाल्या नोरीत तेल असतं. आणि क्लिप एक नाही, दोन लावा, टाकीच्या दोन टोकांना. एकच क्लिप असली की दादा तिच्यासमोर उभा राहतो, दोन असल्या की त्याला एकाच वेळी दोन्हीकडे राखण करता येत नाही, तो इकडे आला की दुसरा तिकडे चार घास मारून घेतो. एवढ्याशा बदलाने निम्म्या तक्रारी मिटतात.

पालक-लेट्यूस यावर भागवू नका. आणि बँडस्टँडला ओहोटीच्या वेळी खडकावर हिरवंगार शेवाळ दिसतं ते "नॅचरल आहे" म्हणून खरवडून आणू नका, आपल्या किनाऱ्यावर नाल्यांचं काय काय येतं ते सांगायला नको. समुद्राचं पाणी आणण्याबद्दलही तेच उत्तर.

प्र. गणपतीला दहा दिवस गावाला जातोय, काय करू?

ऑटोफीडर लावा, पण त्याने फक्त पेलेट म्हणजे सुक्या खाण्याचे दाणे पडतात, आणि तो एकाच जागी पाडतो, म्हणजे पुन्हा दादाचीच मजा. शेजारच्यांकडे किल्ली असेल तर नोरीच्या पट्ट्या आधीच कापून, दिवसाप्रमाणे पुड्या करून ठेवा, "जास्त टाकू नका" हे तीनदा सांगा. आणि कुठलाही नवीन टँग गावाला जायच्या आधीच्या महिन्यात आणू नका. भांडण पेटलं तर बघायला कुणी नाही.

प्र. भांडणानंतर अंगावर सफेद ठिपके आलेत.

मिठाच्या दाण्यासारखे ठिपके म्हणजे बहुतेक मरीन इक, क्रिप्टोकॅरिऑन. भांडणाने तो तयार होत नाही, परजीवी टाकीत आधीच असतो किंवा नवीन माशाबरोबर येतो, तणावात माशाची प्रतिकारशक्ती पडली की उसळतो. टँग या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत, पावडर ब्लू आणि अकिलीज तर सगळ्यात आधी. अगदी बारीक पावडर भुरभुरल्यासारखं दिसत असेल आणि मासा धापा टाकत असेल तर तो व्हेल्व्हेट नावाचा दुसरा रोग असू शकतो, तो काही दिवसांतच मारतो, थांबू नका.

इलाज वेगळ्या टाकीत, कॉपरच्या औषधाने, टेस्ट किटने मोजत. मेन टाकीत कॉपर कधीच टाकायचं नाही, कोरल, श्रिंप, गोगलगाई सगळं जातं. आणि मेन टाकी माशांशिवाय रिकामी ठेवायची, हॉबीत सर्रास ७६ दिवस धरतात. क्लीनर श्रिंप किंवा क्लीनर रास आणला म्हणजे इक जाईल असं नाही. तसा टँग त्यांच्यासमोर तिरका होऊन, पर पसरून, शहाण्या मुलासारखा उभा राहतो, बघायला फार छान वाटतं, पण तो उपचार नव्हे. प्रत्येक टँगला आधी क्वारंटाइन, याला पर्याय नाही.

प्र. मे महिन्यात जास्त भांडतात असं वाटतं, खरं की भास?

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि टँगला तो भरपूर लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चिलर नसेल तर टाकी ३१-३२ वर सहज जाते, मासे आधीच धापा टाकत असतात, त्यात पाठलाग झाला तर हरणारा पटकन कोसळतो. म्हणजे भांडण तेवढंच, परिणाम जास्त. २५-२६ वर ठेवा, वेव्हमेकरचा (पाणी हलवणाऱ्या पंपाचा) एक झोत वरच्या पृष्ठभागाकडे वळवा, आणि डोंबिवली-कल्याणकडे लाइट जाते तिथल्यांनी बॅटरीवरचा एअर पंप ठेवाच.

प्र. वर्षभर गुण्यागोविंदाने होते, आता अचानक मारतोय. का?

काहीतरी बदललंय, शोधा. मासे मोठे झाले हे पहिलं कारण, तीन इंचाचे असताना जी टाकी पुरत होती ती सहा इंचाला पुरत नाही. नवीन मासा आला. कपार कोरलने भरून गेली आणि आता झोपायची जागा एकच उरली. खाणं कमी केलंत, नायट्रेट वाढलं म्हणून. किंवा तिसरा मासा गेला, जो आतापर्यंत दादाचा मार खात होता, आता नंबर याचा लागला.

यावर एक उपाय बरेचदा चालतो. मारणाऱ्याला बाहेर काढा, मार खाणाऱ्याला नाही. संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) किंवा वेगळ्या टाकीत काही दिवस ठेवा, तोपर्यंत दुसरा टाकीभर मोकळा फिरेल, खाईल, कपारी धरेल. मग दादा परत येतो तो नवखा म्हणून.

प्र. टँगसारखे दिसणारे दुसरे मासे चालतात का?

फॉक्सफेस रॅबिटफिशवर टँग कधी कधी जातो, कारण खाणं तेच, पण पाठीवरचे काटे विषारी असल्याने फॉक्सफेस फारसा घाबरत नाही. एक गंमत सांगतो, चॉकलेट टँगची पिल्लं छोट्या एंजलफिशसारखी हुबेहूब दिसतात, लेमनपील एंजलची नक्कल करतात, त्यामुळे दुकानात एंजल समजून घेतलेला मासा मोठा होऊन टँग निघू शकतो. शेपटीच्या बुडाशी काटा बघा, शंका फिटेल.

प्र. रात्री यलो टँगचा रंग उडालाय आणि अंगावर पांढरा पट्टा आलाय, मार लागलाय का?

नाही. तो त्याचा झोपेचा रंग आहे, सकाळी लाइट लागल्यावर थोड्या वेळात परत पिवळा. ब्लू टँग तर दगडाच्या फटीत आडवा पडतो, मेल्यासारखा. हात घालून हलवू नका.

प्र. टाकीत पाळून वाढवलेले, म्हणजे कॅप्टिव्ह ब्रेड टँग कमी भांडतात का?

यलो टँगची पैदास हवाईच्या ओशियानिक इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये पहिल्यांदा जमवली, ब्लू टँगची २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. असे मासे पेलेट आवडीने खातात, लहान आणि एकाच मापाचे मिळतात, घोळक्यात वाढलेले असतात, त्यामुळे ग्रुप करायचा तर हेच घ्यावेत. पण मोठे झाल्यावर टँग तो टँगच, जागा त्यालाही लागते. आणि समुद्रात यलो टँग ४० वर्षं जगल्याची नोंद आहे, तेव्हा घेताना तेवढाही विचार करा.

प्र. मला हातावर शेपूट मारली, काय करू?

जखम छोटी दिसते पण खोल असते, ठणकते, सुजते. स्वच्छ धुवा, जंतुनाशक लावा, सूज वाढली किंवा लाल रेघ वर सरकली तर डॉक्टरकडे जा, टाकीच्या पाण्यातले जंतू हाताला चांगले नसतात. सफाई करताना लांब ग्लोव्ह घाला. नेसोचे काटे मिटत नाहीत, ते कायम बाहेर, हे लक्षात असू द्या.

प्र. एक काढायचाच ठरला. दगडांमध्ये पकडू कसा?

दिवसा जाळी घेऊन मागे लागलात तर सगळे दगड उपसावे लागतील आणि मासा तरीही सापडणार नाही. दोन मार्ग. एक, ट्रॅप, पारदर्शक डब्यात नोरी लावून दोन-तीन दिवस दार उघडं ठेवायचं, फक्त आत गेला तरच खायला मिळेल असं करायचं, मग एक दिवस दाराला बांधलेली दोरी सोडून ते बंद करायचं. दुसरा, रात्री लाइट बंद झाल्यावर दोन तासांनी, टॉर्च घेऊन, त्याची झोपायची कपार आधीच हेरून ठेवलेली असेल तर. जाळी वापरू नका, काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना त्याचे पर फाटतात, तुमची बोटंही. प्लास्टिकचा डबा एका बाजूला धरा आणि दुसऱ्या बाजूने हळूच ढकला.

मग जो घेणार आहे त्याची टाकी किती फुटी हे आधी विचारा, फोटो मागवा. बॅगेत भरताना दुहेरी बॅग, मध्ये वर्तमानपत्राचा थर, कारण काटा एकेरी बॅग आरामात फाडतो, आणि दादर स्टेशनच्या जिन्यावर ते कळून काही उपयोग नसतो.